शरणम्मा काल येऊन गेल्या

१

नळदुर्गात माझं भांड्यांचं दुकान आहे. हायवेवरच्या निम्म्या ढाब्यांच्या कढया माझ्याकडच्या. उरलेल्या निम्म्यांनी दुसरीकडून घेतल्या, आणि वर्ष सरायच्या आत गळक्या बुडासकट माझ्याकडंच आणल्या. मी चहा पाजला, हसलो आणि नवी कढई दिली. धंद्यात राग धरायचा नसतो, हे मला शाळेनं शिकवलं नाही. शाळा चौथीतच सुटली. मोडीचं तांबं-पितळ तोलता तोलता शिकलो. पण आता जे सांगतोय ते रागानंच सांगतोय. थंड व्हायची बरीच वाट बघितली. झालो नाही.

माझी बायको शिवकांता. आळंदकडची, म्हणजे पलीकडची, कर्नाटकातली. ढाबेवाले माझ्याकडून कढया नेत, तिच्याकडून कडक भाकरी नेत. ट्रकवाले हैदराबादेपर्यंत बांधून न्यायचे. तव्याशी आयुष्य घालवून तिच्या बोटांवरच्या रेषा पार गुळगुळीत झाल्या होत्या. लहानपणी तिला सांधेताप आला होता. त्या तापानं हृदयाची एक झडप खाल्ली, आणि पन्नाशीत त्याची वसुली सुरू झाली. दोन पायऱ्या चढली तरी धाप लागायची.

गावाबाहेर हायवेला लागून नवा दवाखाना झालाय. लोक त्याला कार्डवाला दवाखाना म्हणतात. कागद नाही, फाइल नाही, सगळं कॉम्प्युटरात. खिडकीवर योगीराज नावाचा ऑपरेटर बसतो. माणूस गोड आहे, माझ्याकडूनच लग्नाची भांडी नेलेली. मशीनवर अंगठा ठेवला की तुमची सगळी कुंडली त्याच्यासमोर. शिवकांताचा अंगठा मात्र कधीच लागायचा नाही. तो ओल्या फडक्यानं तिचं बोट पुसायचा, परत ठेवायला लावायचा, शेवटी नाव टाकून शोधायचा.

"काकू, तुमचा अंगठा म्हंजी कोरी पाटी बगा."

"अन् तुझी मशीन म्हंजी बिनशिकलेलं पोरगं," ती म्हणायची.

दर महिन्याचं आमचं हे ठरलेलं. त्या दिवशीही त्यानं बोट पुसलं, नाव टाकलं. मग स्क्रीनकडं बघून म्हणाला, "काकू, काल येऊन गेलाव की. आज परत का आलाव?"

"काल मी दिवसभर भाकऱ्या थापत हुते."

"आवं, ही काय. शरणम्मा बसवणप्पा, आळंद. जन्मतारीख तुमचीच, कार्ड नंबर तुमचाच. अंगठा तर पहिल्या झटक्यात लागलाय काल."

शिवकांतानं माझा दंड धरला. तिची पकड अशी मी पूर्वी पाहिली नव्हती.

शरणम्मा हे तिचं माहेरचं नाव. आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो. मी शिवकांता लिहिलं होतं. त्या मांडवातून उठल्यापासून जुन्या नावानं तिला कुणी हाक मारली नाही, तिच्या सख्ख्या आईनंसुद्धा नाही. आता तर माहेरी दिवा लावायलाही कुणी उरलेलं नाही.

"सिस्टीमनं जुनं सगळं ओढून घेतलंय काका," योगीराज म्हणाला. "शाळेचं, रेशनचं, तिकडल्या राज्याचं. त्यात आलं आसंल."

"नाव आलं आसंल," मी म्हणालो. "काल चालत कोण आलं?"

त्यानं खांदे उडवले आणि पुढच्याला हाक मारली.

२

दवाखान्यात डॉक्टर अर्पिता मॅडम आहेत. तरुण आहेत, पण पेशंटच्या तोंडाकडं बघून बोलतात, आणि ही गोष्ट आता दुर्मीळ झालीय. शिवकांताची झडप बदलायला हवी, असं त्यांनी सांगितलं. ऑपरेशन सरकारी कार्डावर फुकट होणार होतं, फक्त वरून मंजुरी यायची होती. तेवढ्यासाठी आमचा सगळा जीव टांगलेला होता.

मंजुरी नामंजूर होऊन आली. कारण एका ओळीचं. याच पेशंटची छातीची सोनोग्राफी नुकतीच झालेली आहे, झडप निरोगी आहे, ऑपरेशनची गरज नाही.

"निरोगी?" मी टेबलावर हात आपटला. "हितं बसलीय बगा, ओठ निळं पडल्यात. वर जो कोण बसलाय त्याला म्हणावं, खाली उतर अन् हिच्या छातीला कान लाव."

"काका, मी रोज ऐकतेय ना तो आवाज," मॅडम म्हणाल्या. "दोनदा फोन केला वर. तिथं आता माणूस बसत असेल असं मला वाटत नाही."

मग त्यांनी ती दुसरी नोंद उघडली, शरणम्माची. मी वाचायला लावली. त्या वाचत गेल्या. लहानपणी सांधेताप, नाही. धाप, नाही. लग्न, नाही. बाळंतपण, नाही.

"मग आमची शिवप्रिया काय आभाळातनं पडली?" शिवकांता म्हणाली. शिवप्रिया आमची एकुलती एक. पुण्यात नोकरीला आहे, रोज दुपारी डबा खाताना आईला, तिच्या अव्वाला, फोन लावते.

"वजन मात्र छान वाढतंय त्यांचं," मॅडम बोलून गेल्या आणि एकदम थांबल्या.

मी मोडीचा व्यापारी. एका पारड्यातून काढलेलं दुसऱ्या पारड्यात जाताना मला दिसतं. शिवकांताच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. मी मॅडमना दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवायला सांगितल्या. त्यांनी ठेवल्या. मग स्क्रीन बंद केली.

घरी येताना रिक्षात मी शिव्या घालत होतो. शिवकांता वेशीपाशी आल्यावर हसली.

"ती एवडी ठणठणीत हाय तर तिलाच आणा की घरी. भाकऱ्या तरी थापील."

मला हसू आलं नाही. तिलाही आलेलं नव्हतं. तिनं फक्त दात दाखवले होते.

माझ्या मोबाइलवर तेव्हापासून मेसेज यायला लागले. शरणम्माजी, भेटीबद्दल आभार. शरणम्माजी, आपली तब्येत उत्तम आहे. मी नंबर बंद करायचा अर्ज दिला. त्याचेही आभार आले.

३

मला काय वाटत होतं तेही सांगतो. मला वाटत होतं, ही चोरी आहे. आळंदची कुणी बाई, माहेरच्या ओळखीतली, जुना कागद दाखवून आमचं कार्ड खातेय. चोर पकडायला मला आवडतं. एकदा येडशीच्या एका गृहस्थानं माझ्याच दुकानातला तांब्या धोतरात घालून मलाच विकायला आणला होता. मी त्याला मोडीचा भाव दिला, आणि तेवढेच पैसे त्याच्या उधारीत मांडले. तो अजून माझ्याकडं येतो, अदबीनं.

शरणम्मा येते ती सोमवारी, हे योगीराजनं काढून दिलं. सोमवारी मी दुकान महांतेशवर टाकलं. महांतेश माझा धाकटा भाऊ. डबा घेऊन दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसलो.

तिथं तपासणीची खुर्ची आहे, स्टीलची. माणूस बसला, पट्ट्यात हात घातला की वजन, रक्तदाब, नाडी सगळं आपोआप वर जातं. नर्सनं हात लावायचं काम नाही, वर बघायचंही नाही. भिंतीवरचा भोंगा नाव पुकारतो, माणूस बसतो, उठतो, दुसरा बसतो. सकाळभर हेच चाललं होतं. बायका, पोरं, एक टेंपोवाला, एक पाय मुरगळलेला पैलवान. मी प्रत्येकीचं तोंड बघत होतो.

ऊन चढल्यावर भोंगा बोलला, "शरणम्मा बसवणप्पा."

कुणी उठलं नाही. मी बाकाच्या कडेला सरकून तयार. दारातून कुणी आलं नाही. माझ्या शेजारी गुंडप्पा म्हणून एक म्हातारा होता, त्यानं पसरलेले पाय आत घेतले, कुणाला वाट द्यावी तसे. मग त्याचं त्यालाच कळेना का घेतले, म्हणून माझ्याकडं बघून कसनुसा हसला.

खुर्चीचा पट्टा फुगायला लागला.

मी दुकानदार आहे, काटा रिकामा असताना हलतो हे मला ठाऊक आहे. वारा लागला, फरशी हलली, ट्रक गेला तरी हलतो. हलतो आणि परत शून्यावर येतो. हा आकडा वर गेला, थोडा डुगडुगला, जसं माणूस नीट बसताना डुगडुगतो, आणि थांबला. पट्टा एका जाडीवर येऊन अडला, पुढं फुगेना. आतून हात असल्यासारखा. मग फुस्स करून सैल झाला. आकडा शून्यावर आला. भोंग्यानं आभार मानले.

निकिता नावाची नर्स समोर मान खाली घालून बसली होती.

"सिस्टर, हे काय झालं?"

"काय झालं काका?"

"खुर्चीत कुणीच न्हाय अन् तुमची मशीन मोजती."

"सेन्सर खराब हाय. तकरार टाकलीय."

मी जाऊन खुर्चीवर हात ठेवला. चाळीस वर्षं मी स्टील हाताळतोय. सावलीतलं स्टील गार असतं, आणि ही खोली उत्तरेकडच्या खिडकीची. बैठक कोमट होती, मधोमध. कडेला गार.

"पुढचा पेशंट बसवू द्या," निकिता म्हणाली. माझा राग इतका वर आला होता की भीतीला जागाच नव्हती. आता वाटतं, तेव्हाच भ्यायला पाहिजे होतं.

४

शिवकांताला भरती करावं लागलं. नाकातोंडावर मास्क, कुशीवर वळलं तरी दम. मॅडमनी वर पुन्हा भांडून एक वाट काढली. एका कार्डावर दोन नोंदी असल्यामुळं मंजुरी अडते, तर दोन्ही नोंदी एक करा, मग नव्यानं अर्ज घेऊ.

योगीराज मशीन घेऊन वॉर्डाच्या दारात आला. "दोघींची एक करून टाकतो काका. पाच मिंटाचं काम."

"त्यातली राहील कुठली?"

"जी भरलेली आसंल ती राहती, दुसरी तिच्यात जाती. ते सिस्टीम ठरवती. पण आत मानूस तर काकूच हायत की. नाव कुठलं का राहीना."

मला परंड्याच्या दोन जावांची गोष्ट आठवली. एका हंड्यावर दोघी हक्क सांगत माझ्याकडं आल्या होत्या. हंड्यावर धाकटीचं नाव कोरलेलं. मी तो उन्हात तिरका धरला, तर खाली थोरलीचं नाव, घासून काढलेलं. भांड्यावरचं नाव पुसायचं म्हणजे पत्रा घासावा लागतो, आणि तिथं भांडं पातळ होतं. ही गोष्ट मी योगीराजला सांगितली.

"हितं पत्रा न्हाय काका," तो हसला.

ते मला पटलं. व्यापारी माणूस, डब्यावर काय लिहिलंय त्याला किंमत देत नाही, आतला माल बघतो. मी आत जाऊन शिवकांताला सांगितलं. तिनं मास्क बाजूला केला.

"अवो री, माझं नाव घालवू नका."

"नावानं श्वास येत न्हाय. ऑपरेशन महत्त्वाचं का नाव?"

"तुमीच लिवलेलं हाय ते. तुमच्याच हातानं पुसू नका. ती बसलीय वाट बगत, मला कळतंय."

"कोण बसलीय? खुर्ची बिघडलीय तिथली. गप पड अन् मास्क लाव."

हे मी ओरडून बोललो. शेजारच्या खाटेवरची शांतम्मा नावाची म्हातारी उठून बसली. शिवकांतानं मास्क लावला आणि भिंतीकडं तोंड केलं. तिच्याशी माझं तेवढंच बोलणं झालं.

पेशंटचा अंगठा हवा होता, तो लागला नाही. मग नवऱ्याची संमती चालते म्हणाले. स्क्रीनवर इंग्रजीत चार ओळी, खाली एक चौकोन. मी विचारलं काय लिहिलंय. योगीराज म्हणाला, नेहमीचंच. मी अंगठा ठेवला. माझा अंगठा पहिल्या झटक्यात लागला.

"झालं. आता एकच हाय."

"कुठली?"

त्यानं स्क्रीन माझ्याकडं वळवली. वर लिहिलं होतं, शरणम्मा बसवणप्पा. खाली हिरव्या अक्षरात, तब्येत उत्तम.

मी आत पळालो. शिवकांताच्या खाटेवर ती उठून बसली होती. मास्क काढून घडी करून ठेवलेला. ती चादरीच्या घड्या घालत होती, चारी कोपरे जुळवून. शिवकांता चादर गुंडाळायची. आयुष्यात तिनं कधी कोपरे जुळवले नव्हते.

अर्पिता मॅडमनी तिच्या छातीला नळी लावली. पुढून ऐकलं, पाठीवर ऐकलं, परत पुढून. नळी काढली, फुंकली, आपल्या स्वतःच्या छातीला लावून बघितली.

"तो आवाज नाहीये," त्या म्हणाल्या.

"म्हंजी बरी झाली?"

"बरी झाली असं नाही म्हणता येणार काका. ही छाती कधी आजारीच नव्हती." आणि त्या खोलीतून निघून गेल्या. त्या दिवशी परत पेशंटच बघितले नाहीत म्हणे.

सुट्टी देताना मशीनवर अंगठा लावायला लागतो. ती वाकली, बोट ठेवलं, हिरवा दिवा लागला. योगीराजनं फडकं उचललेलं तसंच हातात राहिलं. मी तिचा हात ओढून उलटा करून बघितला. बोटांवर रेषा होत्या, बारीक, ठसठशीत. तव्याचा एक डाग नव्हता. तिनं हात हळूच सोडवून घेतला, परक्या पुरुषानं धरावा तसा.

५

ती माझ्या घरी आहे. पाहुणी राहते तशी, भिंतीला टेकून. पाणी हवं असलं की कानडीत मागते, लाजत. मराठी येतं तिला, सीमेवरच्या माणसाला येतं तेवढं. गळ्यातलं मंगळसूत्र तिनं पहिल्याच दिवशी काढलं आणि माझ्या गल्ल्यावर आणून ठेवलं. कुणाचं तरी राहिलंय म्हणाली. गळ्यातलं इष्टलिंग मात्र नाही काढलं. ते लहानपणी बापानं बांधलेलं, ते तिचंच आहे. भाकरी तिला येत नाही. पिठाकडं बघून म्हणाली, आमच्याकडं अव्वा करते.

आळंदची गाडी कधी आहे, एवढंच विचारते. अव्वा वाट बघत असेल म्हणते. अव्वाला जाऊन किती काळ झाला हे मी तिला सांगितलेलं नाही.

मी रोज दवाखान्यात जातो, भांडायला. योगीराज शिवकांता नाव टाकतो आणि स्क्रीन माझ्याकडं वळवतो. कुणी सापडत नाही. वॉर्डातल्या शांतम्माला विचारलं, तर ती म्हणाली, शेजारची खाट रिकामीच होती बाबा, तूच एकटा भिंतीशी भांडत होतास. तिचंही वय झालंय, म्हणून मी सोडून दिलं. वरच्या ऑफिसात अर्ज द्यायला गेलो. तिथल्या बाबूनं सगळं ऐकून घेतलं, अगदी शांतपणे, आणि विचारलं, "पेशंट जिवंत हाय ना?"

"हाय."

"तब्येत?"

"चांगली हाय."

"मग तकरार कशाची लिहू? बरं झाल्याची तकरार घ्यायला रकाना न्हाय काका हितं."

मी त्याच्या टेबलावरचा स्टीलचा ग्लास उचलून भिंतीवर मारला. पोलीस आले. फौजदार ओळखीचा निघाला, त्यानं चहा पाजून घरी आणून सोडलं. वाटेत म्हणाला, वहिनी एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठल्या, पेढे वाटायचे सोडून काय हे.

मॅडम म्हणतात, औषधांनी कधी कधी विसर पडतो, थांबून बघू. बोलताना त्या माझ्याकडं बघत नाहीत.

शिवप्रियाला मी काहीच सांगितलं नव्हतं. आईचा घसा बसलाय, आई झोपलीय, असं काहीतरी सांगून दिवस ढकलत होतो. आज दुपारी मी मागं गोदामात होतो आणि फोन घरात राहिला होता. वाजून वाजून थांबला नाही, म्हणून तिनं उचलला. मी पळत आलो तेव्हा ती फोन दोन्ही हातांनी कानाला धरून उभी होती. ऐकत होती. तिच्या कपाळाला आठी पडली होती. दुसऱ्याचं दुःख ऐकून पडते, तसली.

"मालक," ती मला म्हणाली, "एक पोरगी हाय. अव्वा, अव्वा करून रडायलीय. कुणाची हाय हो? तिच्या अव्वाला कुणीतरी कळवा."

तिनं फोन माझ्या हातात दिला आणि मला मोकळेपणानं बोलता यावं म्हणून बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

"अप्पा," शिवप्रिया म्हणाली, "ही बाई कोण बोलतीय? फोन अव्वाला द्या."